कचरागाडीची हवापालट

साहेब, ही गाडी तुम्ही विकत घेतलीत. ती कुठं चालणार आहे हे घेताना विचारलं नाहीत, आणि आता बंद पडली तर दोष ड्रायव्हरच्या गळ्यात मारताय. चूक तुमच्या खुर्चीत झाली, वसुली मात्र रस्त्यावरच्या माणसाकडून. कशी, ते ऐका.

गाडी कचऱ्याची. नवी कोरी, डिझेलची, सायलेन्सरमध्ये धुराची काजळी धरून ठेवणारा फिल्टर असलेली. साठलेली काजळी आतल्या आत जळायला हवी, आणि त्यासाठी सायलेन्सर सणसणीत तापायला हवा. तो तापतो गाडी मोकळ्या रस्त्यावर एका दमात पळाली की. ही पळते कुठं? चार पावलं पुढं, थांबा, डबा ओता, पुन्हा चार पावलं. दिवसभर गल्लीबोळांत मांजराच्या पावलांनी चालणं. मग काजळी तुंबते, समोर पिवळा दिवा लागतो, आणि दिव्याकडे कानाडोळा केला की इंजिन आपणहून अंग चोरायला लागतं. मागचा हातगाडीवालासुद्धा पुढं निघून जातो.

गाडी पोचवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की दिवा लागला की हायवेवर चक्कर मारून आण. पोट धरलेल्या तान्ह्या पोरासारखं आहे हिचं, फिरवलं की मोकळं होतं. तेव्हापासून दिवा लागला की तो कचरा रिकामा करायचा आणि गाडी हायवेवर नेऊन आणायचा. धूर कमी करायला डिझेल जास्त जाळायचं, हा शहाणपणा कुणाचा, ते त्याला ठाऊक नव्हतं. डेपोतल्या इतरांनी त्याचं नावच हवापालट ठेवलं. आज डोंगर की समुद्र, असं गेटवरच विचारायचे.

त्यांना हसायला काय जातंय! त्यांच्या गाड्यांचे फिल्टर केव्हाच पोकळ झाले होते. बाहेरून डबा जसाच्या तसा, आत नुसती नळी, आणि दिवा लागू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरचंही तोंड बंद. हे काम करणारा मेकॅनिक हवापालटच्या बायकोचा धाकटा भाऊ. जेवायला आला की त्याचं एकच गाऱ्हाणं.

"दाजी, सगळ्या डेपोच्या गाड्या केल्या. घरचीच तेवढी राहिली. लोक म्हणतात, ह्याच्या कामावर ह्याच्या दाजीचाच भरवसा नाही."

हवापालट बघू म्हणायचा आणि ताटात बघायचा. कारण होती मावशी. मावशी म्हणजे त्याच्या गाडीच्या मागे, सायलेन्सरच्या तोंडाशी उभी राहून डबे ओतणारी बाई. आधी ती दुसऱ्या गाडीवर होती. तिथं तोंडाला बांधलेला रुमाल संध्याकाळी काळा व्हायचा आणि खोकून खोकून ती कमरेत वाकायची. ह्या गाडीवर आली आणि खोकला हळूहळू पळाला. "तुझ्या गाडीला धूर आहे की नाही रे बाबा?" असं एकदा म्हणाली आणि पुढचा डबा उचलायला गेली. ती विसरली असेल. तो विसरला नाही.

मग गाड्यांवर नजर ठेवणारं यंत्र बसलं. कुठली गाडी कुठं फिरते ते साहेबांना बसल्या जागी दिसायला लागलं, आणि हवापालटच्या हातात नोटीस पडली. रिकामी गाडी हायवेवर नेऊन डिझेल का उधळता? ह्यापुढं वॉर्डाबाहेर चाक गेलं तर घरी बसावं लागेल. त्यानं मुकादमाला दिव्याचं सांगितलं. मुकादम म्हणाला, वर कळवतो. वर म्हणजे ढगात असावं.

हवापालटनं हुकूम पाळला. दिवा लागला, तो वॉर्डातच फिरत राहिला. पिवळ्याचा लाल झाला आणि भरलेली गाडी शाळेच्या गल्लीत बसली ती बसलीच. तेवढ्यात शाळा सुटली. पोरं नाकं दाबून वळसे घालत गेली, आणि क्रेन येईपर्यंत गल्लीनं हवापालटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लगेच दुसरी नोटीस आली. दिवा दिसत असूनही गाडी बंद पाडलीत, कामावरून का काढू नये?

घरी बायको भडकली. तिच्या भावाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, जगाच्या छातीचा ठेका ह्यांनीच का घ्यावा, असं बराच वेळ चाललं. त्यानं जेवून ताट उचललं. भांडी घासताना तिनंच विचारलं, "मावशींचा खोकला?"

"गेलाय."

 हात पुसून तिनं दोन्ही नोटिसा घडी घालून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवल्या.

साहेबांच्या खोलीत खिडकी बंद होती आणि गारवा होता. साहेबांनी पाणी दिलं, बस म्हणाले. हवापालटनं विचारलं, गेलो तरी चूक, नाही गेलो तरी चूक, मग बरोबर काय? साहेब हसले. बाकीच्या गाड्या बघ म्हणाले, त्यांना कधी नोटीस गेली का? शहाण्याला शब्दाचा मार.

"म्हणजे फिल्टर फोडायचा," हवापालट म्हणाला.

"मी असं म्हटलेलं नाही."

"मग म्हणा. हायवेवर नेऊ, गल्लीत बसवू, की फिल्टर फोडू? एक काय ते तुमच्या तोंडानं सांगा. ऐकल्याशिवाय मी उठत नाही."

गाडी डेपोच्या भिंतीला लागून उभी आहे. मावशी परत जुन्या गाडीमागं गेली आहे, रुमाल बांधून. हवापालट तुमच्या समोरच्या खुर्चीत बसला आहे. बोला, साहेब.