बिनकारणाचा नकार

घड्याळ त्याने आरशाखालच्या फळीवर काढून ठेवलं – पट्टा घामाने काळा पडलेला – आणि तिच्या मनात आलं, पूर्वी हा घड्याळ काढत नसे. पूर्वी म्हणजे या धंद्याला परवाना देणारा कायदा व्हायच्या आधी, हाच कंत्राटदार मान खाली घालून जिना चढायचा, निम्मं लक्ष दाराकडे... आता भर दुपारी येतो, खाली कोठीवाल्या मावशीशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. धाकटी म्हणालीच होती. धाकटी बहीण शिकलेली, या कायद्याविरुद्ध सभांतून भांडणारी – "ताई, परवाना तुला मिळेल आणि लाज गिऱ्हाइकाची जाईल, बघ तू."

गेली खरी. पण पोलीस दिसला की मागच्या दाराने पळणंही गेलं, ते धाकटीला कुठून ठाऊक असणार?

"आज नको," ती म्हणाली.

"का? बरं नाही?"

कारणांना काय तोटा! डोकं, ताप, महिन्याचे दिवस... सबबीखातर एकाच आत्याला तिने तीनदा मारलं होतं. आत्ताही ताप अगदी ओठांवर आला होता – तो तिने गिळला.

"बरी आहे. मनात नाही."

"अगं, आता रीतसर धंदा ना तुमचा? दुकान उघडायचं आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं? कारण तरी सांग."

"कारण नाही."

त्याने फळीवरचं घड्याळ उचललं. पूर्वी हात उचलला असता... खालून मावशी ओरडली, "काय झालं गं?"

"काही नाही, साहेब निघालेत!"

आणि निघाला की! घड्याळ मनगटावर चढवत, बूट आपटत, जिना उतरून गेला. तिला हसू आवरेना. जिंकले मी – कुणाची आत्या न मारता जिंकले! तिने धाकटीला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"शाबास गं ताई!" धाकटी ओरडलीच. मग हळूच, "मग... उद्याचं काय?"

पोट आहे, भाडं आहे, या वयात दुसरं काम कोण देतंय – तिने तोंड उघडलं, आणि एकही शब्द बाहेर काढला नाही. सगळी कारणंच होती ती. खरी होती, पण कारणंच. आता उद्या 'हो' म्हटलं तर तेही कारणाआड न लपता, आपल्याच तोंडाने म्हणावं लागणार... भीती वाटली, आणि त्या भीतीसकट ती इतकी खूश होती की फोन कानाला तसाच धरून खोलीभर फिरत राहिली.