सतरा वर्षं आणि एक कान

प्रेम मुरायला निदान बावीस वर्षं लागतात. त्याहून कमी काळात जे होतं त्याला ओळख म्हणतात. या तत्त्वावर मी चार कादंबऱ्या लिहिल्या. पाचवी संपादकांच्या टेबलावर होती आणि तिच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता.

"ताई, पाचव्या प्रकरणात दोघांचं जमलं. पुढची तीनशे पानं ही मंडळी करतात काय?"

"संसार."

"वाचक झोपेल हो."

"तेही झोपतात. प्रेमकथा आहे, पहारा नाही."

त्यांनी लाल पेन उघडलं. "मधली सतरा वर्षं काढू. एक ओळ मोकळी सोडू आणि लिहू, 'सतरा वर्षांनंतर'."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकी उघडी की बंद, या एका वादालाच त्यातली नऊ वर्षं गेली होती! आणि प्रकरण एकोणीस? नवऱ्याला एका कानाने ऐकू येईनासं होतं, तो कुणाला सांगत नाही. बायको एक अक्षर न बोलता पलंगावरची आपली बाजू बदलते. आयुष्यात मी तेवढं एकच प्रकरण रडत लिहिलंय.

"बाकीचं कापा," मी म्हटलं. "एकोणीसला हात लावलात तर सगळंच परत नेईन."

"बरं, काकूंना विचारू."

काकू म्हणजे तिथल्या मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रेमातल्या चुका काढून त्यांचा चेहरा कोरा झाला होता. त्यांनी प्रकरण वाचलं, चष्मा वर केला.

"चांगलंय. फक्त बहिरा कान आधी डावा आहे, बाजू बदलल्यावर उजवा झालाय. म्हणजे ही बाई नेमकी बहिऱ्या कानाशी जाऊन झोपली. पुढची अकरा वर्षं ती बोलतेय आणि त्याला एक शब्द ऐकू जात नाहीये."

संपादक हसता हसता खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले.

"दुरुस्त करते," मी म्हटलं.

"अजिबात नाही! आता हे राहणार!"

"अहो, चूक आहे ती!"

"चूक कसली? म्हणून तर संसार टिकला," काकू म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी तासभर भांडले. शब्दांपलीकडचं नातं वगैरे सगळं ऐकवलं. संपादक डोळे पुसत मान डोलवत होते. शेवटी त्यांनी अट घातली: कान दुरुस्त केला तर सतरा वर्षं जाणार, तसाच ठेवला तर सगळी राहणार.

मी सही केली.

पुस्तक विनोदी साहित्याच्या कप्प्यात मिळतं.