शेवटची क्लिप

तेजस्विनीने इंजिन उघडायला घेतलं तेव्हा उजव्या हाताचा अंगठा नुसता जड वाटायचा. सगळे भाग सुटे होऊन खोलीभर मांडले गेले, तोवर अंगठ्याशेजारच्या बोटालाही मुंग्या यायला लागल्या होत्या. पुढे मुंग्याही थांबल्या आणि तिथे काही उरलंच नाही.

मोटरसायकल सहाशे सीसीची, चार सिलिंडरची, जपानी बनावटीची. तेजस्विनी चाकणच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायची. सुट्ट्या साठवून कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ती ही गाडी पळवून आली होती, एकदा नाही, अनेकदा. गाडी तेल जाळायला लागली आणि धूर दिसू लागला, तेव्हा तिने ठरवलं, इंजिन कुणाकडे द्यायचं नाही, घरीच बांधायचं. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये आई गेल्यापासून ती आणि वडील दोघंच. दिगंबर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. लिफ्टमधून इंजिन वर आलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं होतं, "पाहुणे आले की कुठे बसवायचे? गिअरबॉक्सवर?"

पण विरोध केला नाही. उलट संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसायचे, बॅटरीचा उजेड धरायचे, सांगेल तो पाना हातात द्यायचे. मुलगी चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, कुर्त्याची बटणं डाव्या हाताने लावते, हे त्यांनी तिथूनच पाहिलं.  दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांची वेळ घेऊन आले.

मानेतली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दुखणं थांबेल. बोटांतली जाणीव परत येईल का, यावर त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. येईलही, म्हणाले, पण उशीर करू नका. रिक्षात बसल्यावर तेजस्विनी वडिलांना म्हणाली, इंजिन पूर्ण झालं की लगेच करू. दिगंबर बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांच्या मुलीला हाताला धरून ऑपरेशन टेबलवर नेता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

तिला खरं तर भीती वाटत होती. ऑपरेशननंतर हात परत आलाच नाही तर? मग आत्ता जेवढा आहे तेवढ्यात हे एक काम करून टाकू, असा तिचा हिशेब. तिच्याबरोबर ट्रॅकवर गाडी चालवणारा विक्रम, मार्केट यार्डाजवळ राहणारा, दोनदा म्हणाला, मी येऊन बसतो, नाजूक कामं मी करतो. तिने त्याला नको म्हटलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पिस्टन बसवायची वेळ एका रविवारी सकाळी आली. प्रत्येक पिस्टनमधून एक पोलादी पिन आरपार जाते आणि ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची छोटी गोल क्लिप लागते. नखाएवढी वस्तू. ती खाचेत बसली की बोटाला कळतं. तिच्या बोटांना कळत नव्हतं. म्हणून ती कानाने काम करत होती. क्लिप खाचेत गेली की बारीक 'टक' होतं. तो टक ऐकायचा, मग पुढची घ्यायची. एकदा चिमट्यातून क्लिप उडाली. कपाटाखाली हात घालून ती शोधता शोधता बापलेक दोघंही हसले. त्या सकाळी ती खुशीत होती.

शेवटची क्लिप दाबली तेव्हा खाली घंटागाडी आली. तिचं गाणं लागलं, कुणीतरी ड्रायव्हरला हाका मारत सुटलं. टक झाला की नाही, ते तिला ऐकू आलं नाही. तिने क्लिपवरून बोट फिरवलं. लाकडाचं असावं तसं ते फिरलं. बॅटरी जवळ घेऊन पाहिलं. बसल्यासारखी दिसत होती.

"बसली का नीट?" दिगंबरांनी विचारलं.

डाव्या हाताने तपासता आलं असतं. काढून पुन्हा घालता आली असती. पण चिमटा धरून मनगटापासून खांद्यापर्यंत कळ चढत होती आणि आपल्याला कळत नाही, हे वडिलांसमोर म्हणणं त्या क्षणी तिच्या जिवावर आलं.

"बसली," ती म्हणाली.

इंजिन पूर्ण जुळल्यावर ते खाली नेऊन फ्रेममध्ये चढवायला विक्रम आला. बटण दाबताच गाडी सुरू झाली आणि इतकी गोड चालली, की वॉचमनसुद्धा खुर्ची सोडून बघायला आला. तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीने पुसलं. चालवायचं मात्र विक्रमलाच होतं, कारण ब्रेकचा लिव्हर तिच्या हाताला पेलत नव्हता. इंजिन नवीन बांधलंय, सावकाश जा, असं तिने त्याला बजावलं. तो स्वारगेटच्या दिशेने गेला.

ती फाटकाशी कान देऊन उभी राहिली. वडील मागे. थोड्या वेळाने लांबून आवाज आला. विक्रम परत येत होता आणि सरळ रस्ता मिळाल्यावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर जरा पिळला होता. आवाज चढत गेला. त्या चढत्या आवाजात तिला काहीतरी ऐकू आलं. पातेल्याला उलथनं घासावं तशी बारीक खरखर. विक्रमला हेल्मेटच्या आत ती ऐकू येणं शक्य नव्हतं. तिला लगेच कळलं, कोणता पिस्टन, कोणती बाजू. ती रस्त्यावर धावली, दोन्ही हात हलवत राहिली. तो अजून खूप लांब होता. फोन करून उपयोग नव्हता, ओरडून उपयोग नव्हता. ती नुसती बघत राहिली.

इंजिन अडकलं आणि मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि विक्रम वेगळा घसरत गेला. मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला. बस विक्रमच्या पायांच्या अलीकडे थांबली.

विक्रमचं कोपर सोलून निघालं, घोटा सुजला. बाकी काही झालं नाही. लोकांनी त्याला फुटपाथवर बसवलं, कुणी पाणी दिलं. तेजस्विनी त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने तिथेच सांगून टाकलं, की शेवटची क्लिप बसली की नाही ते मला कळलं नव्हतं. विक्रमने पाणी संपवून ग्लास बाजूला ठेवला.

"आधी बोलायचंस ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

दिगंबर रस्त्यात पडलेला आरशाचा तुकडा उचलत होते. 'बसली' हा शब्द त्यांनीही ऐकला होता. 

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मानेतली कळ गेली, खांदा मोकळा झाला. अंगठा आणि शेजारचं बोट मात्र होतं तसंच राहिलं. व्यायाम करा, वाट बघा, असं सांगण्यात आलं. तिने व्यायाम केले, वाट बघितली. वाटीतले तांदळाचे दाणे चिमटीत धरायचे आणि ते सांडलेले बघायचे. ऑफिसात माउस डाव्या हाताकडे घेतला. तिने गाडी विक्रमला देऊन टाकली. पिनने सिलिंडरची भिंत वरपासून खालपर्यंत खरवडली होती. त्याने जुनं सिलिंडर मिळवून, पिस्टन बदलून सगळं पुन्हा बांधलं. मध्ये मध्ये तो फोन करून काहीबाही विचारायचा आणि ती सांगायची. त्याला ते आधीच माहीत असायचं, हे तिला समजत होतं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी गाडीवर बसायची परवानगी दिली, तेव्हा तो गाडी घेऊन दारात आला. कात्रजचा घाट चढून येऊ, म्हणाला. तेजस्विनी खाली उतरली. हेल्मेट घातलं, पण हनुवटीखालचा पट्टा दोन कड्यांतून ओवता येईना. दिगंबर पुढे झाले. त्यांना ते कधी करावं लागलं नव्हतं. पट्टा एकदा उलटा गेला, एकदा सुटला. ती मान वर करून, लहान मुलीसारखी उभी राहिली.

"हळू चालव रे," ते विक्रमला म्हणाले, "मागे जबाबदार व्यक्ती बसलेली नाहीये."

ती हसली. मागे बसली. इंजिन छान चाललं होतं, कुठेही खरखर नव्हती. तिने पुन्हा पुन्हा कान लावून पाहिलं. घाट लागला. विक्रम वळणावर गिअर जरा उशिरा बदलायचा. प्रत्येक वेळी त्याच्या आधी तिचा डावा पाय, स्वतः गिअर टाकत असल्यासारखा, खाली दाबला जायचा. तिथे नुसता पाय ठेवायचा दांडा होता. तो दाबून काही होत नव्हतं आणि पाय थांबत नव्हता.