मिरवणुकीत वाळलेली बोट

मित्रांनो, केरू सुताराच्या मेटामागे, म्हणजे कामाच्या छपरामागे, बाभळीखाली पडलेली लांबोडकी लाकडं तुम्ही पाहिली असतील. ती मीच. गावातली पोरं त्यांना 'कोंबड्यांचं जहाज' म्हणतात, कारण दोन कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालतात. म्हणोत बापडी! पण खरं सांगते, मी कोंबड्यांसाठी जन्मले नव्हते. नौदलाच्या जवानांना पाठीवर घेऊन खाड्यांमधून सुसाट गस्त घालायची, यासाठी माझी एकेक फळी तासली गेली. आज मात्र मी बावीस फुटांची एक जुनी, फुटकी बोट आहे. समुद्र मी पाहिलेला नाही आणि आता पाहणारही नाही.

माझा जन्म आष्ट्याजवळच्या एका कृष्णाकाठच्या गावातला. केरूनानांच्या घराण्यात तीन पिढ्या नदीवरच्या नावा बांधत आल्या होत्या. माणसं, शेरडं, उसाची बेणी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्यांच्या नावांतून पैलतीराला जाई. पण मग नदीवर पुलाचं काम निघालं. खांब एकेक करून वर येऊ लागले आणि नानांच्या मेटावरचे सहा सुतार ते खांब बघत विड्या ओढत बसू लागले. पूल झाल्यावर नाव कोण घेणार? बनुबाई, म्हणजे नानांची कारभारीण, भाकरी वाढताना रोज विचारायची, "आवं, फुडं काय?"

अशात एक दिवस लालासाहेब हातात कागद नाचवत मेटावर आले. हे गावचे मोठे बागायतदार. त्यांनी उमेदीची वीस वर्षं नौदलात काढली होती, त्यामुळे गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. नुकतीच पासष्टची लढाई होऊन गेली होती. किनाऱ्यावरच्या खाड्यांत गस्त घालायला नौदलाला चोवीस लहान, वेगवान बोटी घ्यायच्या होत्या. ज्याला काम हवं, त्याने एक नमुना बांधून आणायचा. वैशाखात कोयना धरणाच्या पाण्यावर त्याची परीक्षा व्हायची.

"केरू, गड्या, चोवीस बोटी!" लालासाहेब म्हणाले. "धा वर्सं तुजं मेट बंद पडायचं न्हाई. लाकूड मी देतो, हात तुजा."

नानांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून मेटावर पुन्हा तासणीचा आवाज सुरू झाला.

चार महिने मी घडत होते. अंगाला सागवान, बरगड्यांना बाभूळ, खिळे तांब्याचे. नाना हाताने फळी चाचपून कुठे वाक हवा ते सांगत. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण लाकडाची शीर बरोबर वाचता येई. आणि माझे सांधे भरले जालिंदरने. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. तो सातवीपर्यंत शिकला होता आणि मेटावर त्याच्याइतका शांत माणूस दुसरा नव्हता. दोन फळ्यांमधल्या फटीत तेल-राळेत भिजवलेला सुताचा पीळ तो बोथट पटाशीने हळूहळू ठोकत असे. घाई म्हणून नाही. एखादा सांधा मनासारखा झाला नाही तर सगळा पीळ उपसून पुन्हा भरायचा.

काम संपल्यावर त्याने मला दोन दिवस नदीत बांधून ठेवलं. काय सुख होतं ते! माझं लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, आणि एकेक सांधा घट्ट मिटला. आत थेंब येईना. मग मला काठावर घेऊन राखाडी रंग दिला. असा झळाळला की नानांना माझ्यात आपलं तोंड दिसू लागलं.

परीक्षेचं पत्र आलं, ते जालिंदरनेच वाचून दाखवलं. "नाना, ह्यात लिवलंय की परीक्षेच्या आदी दोन दिस बोट धरणाच्या पाण्यात ठिवायची मुभा हाय. आपण आजच निगूया. वैशाखाचं ऊन हाय. कोरडी बोट म्हंजी निस्ती चाळण."

"आरं, निगूया म्हंजी?" लालासाहेब मध्येच म्हणाले. "गावची लेक निगालीया. मुक्यानं धाडायची व्हय तिला? लोकांनी बगाय नगं?"

आणि मित्रांनो, मला मिरवायचं ठरलं.

लालासाहेबांनी मालमोटार आणली. मला वर चढवलं. बनुबाईने खणानारळाने माझी ओटी भरली, हलगी वाजू लागली. सरळ कोयनेची वाट धरायची सोडून आम्ही आधी गेलो आष्ट्याला. बाजारपेठेतून तासभर मिरवलो. मग गेलो पार कुंडलला, कारण लालासाहेबांची बहीण धोंडुबाई तिथे दिली होती आणि तिला भावाची बोट दाखवल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसत नव्हतं. वाटेतल्या प्रत्येक गावात पाच सुवासिनी कुंकू लावायच्या. माझं नाक कुंकवाने लाल झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं! आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं माझ्याकडे बघत होती. म्हातारी माणसं माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणत, "केरू, लय झ्याक केलीस रं!" नाना लाजून खाली बघायचे, मग हळूच वर बघायचे.

जालिंदर तेवढा कुणाकडे बघत नव्हता. तो विहिरीविहिरीवर उतरून गोणपाट भिजवून आणायचा आणि माझ्या अंगावर पसरायचा. त्या ओल्या गोणपाटाखाली मला जरा बरं वाटायचं. कुंडलला धोंडुबाई आरती घेऊन पुढे आली, तेव्हा लालासाहेबांनी ते गोणपाट ओढून फेकून दिलं.

"नवरीवर कुणी गोणपाट घालतं व्हय रं?"

सगळे हसले. नानाही हसले. जालिंदरने गोणपाट उचललं, घडी केली आणि गाडीच्या मागे जाऊन बसला. त्याच दुपारी माझ्या पोटाखाली, डाव्या अंगाला, बारीकसा 'टक' असा आवाज झाला. पहिला सांधा सुटला. मला तो कळला. तुम्ही म्हणाल, तुला तोंड कुठे होतं सांगायला? तोंड असतं तरी मी बोलले नसते. गळ्यात झेंडूचे सात हार होते. त्या हारांपुढे तहान कोण सांगतं? आज त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त पस्तावा होतो.

चौथ्या दिवशी आम्ही कराडला पोचलो. परीक्षा परवावर आली होती. गाडी प्रीतिसंगमावर थांबली. समोर कृष्णा, समोर कोयना, आणि मी पन्नास पावलांवर फुफाट्यात उभी. पाण्याचा वास येत होता.

जालिंदरने नानांना बाजूला घेतलं. "नाना, तुमच्या पाया पडतो. एक दिस हितंच पाण्यात सोडूया. मिरवणूक ऱ्हाऊ दे. तुमाला कळतंय की ओ! तुमीच शिकीवलं न्हवं मला?"

नानांनी नदीकडे पाहिलं. त्यांनी माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं. त्यांना कळलं होतं, मित्रांनो, हे मी शपथेवर सांगते. त्यांचं बोट तिथेच थबकलं होतं. पण तेवढ्यात बाजारची माणसं लोटली. लालासाहेब ओरडले, "केरू, ये की रं म्होरं! तुला फेटा बांदायचाय!" साठ वर्षांच्या त्या सुताराला आजवर कुणी फेटा बांधला नव्हता.

"ऱ्हाऊ दे रं," नाना जालिंदरला म्हणाले. "गढूळ पाण्यात रंगाला डाग पडंल. कोयनंला पोचल्यावर सोडू."

पण पुढे पाटणलाही स्वागत होतं. आम्ही कोयनेला पोचलो ते परीक्षेच्या सकाळी.

पाण्यावर आणखी दोन बोटी बांधलेल्या होत्या, एक रत्नागिरीकडची, एक मुंबईची. दोघी दोन दिवसांपासून आरामात पाण्यात डुंबत होत्या. नौदलाच्या साहेबांनी माझ्या मागे इंजिन बसवलं. आठ जवान आत उड्या मारून बसले. मी हार काढलेल्या अंगाने पाण्यात शिरले आणि इंजिन सुरू झालं.

काय धावले मी! पहिल्या फेरीत दोघींना मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत तर त्या दिसेनाशा झाल्या. काठावर लालासाहेब टाळ्या पिटत होते. नानांनी फेटा काढून छातीशी धरला होता. मी मनात म्हटलं, बघा, उगीच घाबरत होता जालिंदर! आणि तेवढ्यात पहिला घोट आत आला. मग दुसरा. फुगून सांधे मिटायला मला एक दिवस हवा होता, आणि तो दिवस मी गावोगाव मिरवण्यात घालवला होता. तिसऱ्या फेरीत पाणी जवानांच्या घोट्याला लागलं, मग पोटरीला. ती बिचारी पोरं आपल्या टोप्यांनी पाणी उपसत होती. अर्ध्या फेरीतच मला काठाला घ्यावं लागलं.

साहेब कोकणातले होते, मऊ बोलायचे. त्यांनी वाकून माझे सांधे पाहिले. "मिस्त्री, काम उत्तम आहे. अशी धावणारी बोट मी पाहिली नाही. पण ही तर सुकलेली आहे. बाकीच्या बोटी परवाच पाण्यात सोडल्या. तुमची दोन दिवस कुठे होती?"

लालासाहेबांनी मान फिरवली. जालिंदर माझ्या पोटातलं उरलेलं पाणी उपसू लागला.

"मिरवणुकीत," नाना म्हणाले.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा नानांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. काम रत्नागिरीच्या बोटीला मिळालं.

परत येताना आम्ही सरळ वाटेने आलो. एका दिवसात पोचलो. बनुबाई ओवाळायला दारात उभी होती. गाडीतून सगळे खाली मान घालून उतरले, तेव्हा तिने ताट पदराखाली झाकलं आणि आत गेली.

पावसाळ्यानंतर पूल झाला. सहा सुतारांपैकी चार मुंबईला गेले. जालिंदरही गेला, गोदीत बोटींच्या दुरुस्तीवर. निघताना म्हणाला, "नाना, हिला निस्ती नदीत बांदून ठिवा. पानी प्याली की सुदारंल." पण नानांना मी डोळ्यांपुढे नको होते. त्यांनी मला मागे बाभळीखाली ढकललं. तीन उन्हाळे मी तिथे तडकत राहिले. लालासाहेब त्या बाजूला कधी फिरकले नाहीत. मागच्या साली शेजारच्या शेतकऱ्याने गव्हाणीसाठी माझ्या तळाची एक फळी मागितली. नाना मान वर न करता म्हणाले, "ने."

फळी गेली, आणि त्यानंतर महिन्याभराने जालिंदरचं पत्र आलं. शाळेच्या गुरुजींनी ते बाभळीजवळच्या ओट्यावर बसून वाचलं, म्हणून मलाही ऐकू आलं. त्यात लिहिलं होतं: 'नाना, इथं गोदीत मी दुरुस्त बोट दोन दिवस भिजवल्याबिगर कुणाच्या हवाली करत नाही. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास? मी तुमचं नाव सांगितलं.'

नानांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग उठून नदीवर गेले.

मित्रांनो, हार मीही घातले आहेत, त्यांना नावं ठेवत नाही. पण ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला आधी काय हवंय ते विचारा. आणि ज्याच्या हाताला ते कळतं, त्याचं ऐका, मग तो गाडीच्या मागे बसलेला का असेना.

आता रोज दुपारी नाना नदीवरून घागर भरून आणतात आणि माझ्यात ओततात. "पी, बाई, पी," म्हणतात. तळाला फळीच नाही, पाणी सरळ मातीत जातं. ते त्यांना दिसतं. तरीही रिकामी घागर उचलून ते पुन्हा नदीची वाट धरतात.