पहिली बाटली मोहाला

लेकरू गेलं तरी दूध यायचं थांबेना. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. दुधाला मात्र कोण कळवणार?

रूपलीबाईची पोर चार दिवस नंदुरबारच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. सातव्या महिन्यातच आलेली, एवढीशी. नावसुद्धा ठेवलं नव्हतं, पायाला नुसता नंबर. पाचव्या दिवशी नवरा वीरसिंग तिला फडक्यात घेऊन अक्कलकुव्यावरून वर डोंगरात गेला आणि बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली मातीत ठेवून आला. रूपलीचे टाके निघायचे होते, ती खाटेवरच राहिली. दुपारी डोळा लागला की तिला तो मोह दिसे. मुळाशी पोर आ करून निजलेली, वरून फुलं टपटप गळताहेत आणि एकही तिच्या तोंडात पडत नाही. जाग येई तेव्हा छातीवरचं लुगडं भिजलेलं असे.

सासू मोतीबाईनं रिवाज सांगितला होता. असं दूध पायदळी जाऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं, पोरीला पोचतं. पण झाड तिकडे डोंगरात आणि रूपली इकडे खाटेवर.

अशात दूध बँकेच्या प्रतिभा सिस्टर आल्या. बाई रनाळ्याची, आवाज खणखणीत, पण काळीज लोण्याचं.

"बाई, तुन्हं दूध वाया जाई ऱ्हायनं. आठे तीन लेकरं शेतस, त्यासनी मायस्ले आजून दूध नही. तू देशी का?"

"कोणत्या लेकराला?" रूपलीनं आश्रमशाळेतल्या मराठीत विचारलं.

ते सांगता येत नाही, सिस्टर म्हणाल्या. रक्त तपासायचं, मशीननं दूध काढायचं, बाटलीवर नाव नाही, नंबर लावायचा. चार आयांचं दूध एकत्र करून अर्धा तास बेताच्या गरम पाण्यात ठेवायचं, तपासायचं, मग गोठवायचं. मशीन एका संस्थेनं दिलेलं, जनरेटरच्या डिझेलसाठी मात्र सिस्टरच दारोदार हात पसरायच्या.

रूपलीनं दोन दिवस विचार केला. दिलं तर पोर तिथे उपाशी राहील. नाही दिलं तर इथली तिघं. रक्ताचा अहवाल चांगला आला तेव्हा तिनं कागदावर सही केली. त्याच दिवशी वीरसिंग परत आला. रुमालाची गाठ सोडून त्यानं त्या मोहाची चार फुलं तेवढी तिच्या हातावर ठेवली.

तासाभरानं सिस्टर तिनं भरून दिलेली बाटली घेऊन तरातरा आल्या. "हाई काय शे?" दुधावर एक फूल तरंगत होतं.

"तिच्या झाडाचं आहे. वास ओळखून ती येईल, तिलाही मिळेल, म्हणून टाकलं."

सिस्टर कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. बरं झालं, बाकीच्या दुधात मिसळण्याआधी दिसलं. आता ही बाटली बाद, मोरीत ओतायची, असा नियम.

"मोरीत नको," रूपली म्हणाली आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली. "मोरीत नका ओतू, सिस्टर."

सिस्टर बाटली घेऊन उठल्या. मग झाकण घट्ट लावलं, बाद झालेल्या दुधाच्या वहीत तसं लिहिलं आणि बाटली वीरसिंगच्या हाती दिली. "जाय. तुन्हा झाडले घाल."

तो निघाला तेव्हा रूपलीनं उरलेली तीन फुलं अंबाड्यात खोचली, कोपरापर्यंत हात धुतले आणि नवी बाटली मागितली.

टाके निघाले त्या दिवशी ती लेकरांच्या खोलीच्या काचेबाहेर उभी राहिली. आत एका इवल्या पोराला नर्स चमच्यानं दूध पाजत होती.

"ते माझं आहे का?"

"काय ठाऊक, माय. सगळं एकत्र व्हई जास," शेजारी उभ्या सिस्टर म्हणाल्या.

पोरानं गिळलं आणि पुन्हा आ केला. दुसरा चमचा थेट त्याच्या तोंडात गेला.

त्या दुपारी रूपलीला मोह दिसला. मुळाशी पोर निजलेली होती, तोंड मिटून.