एका हाताची मतं

त्सोन्कोच्या पत्राला कुन्चो मास्तरांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. ‘मास्तर, तुम्ही किती चिठ्ठ्या लिहिल्यात आणि त्यांतल्या किती मोजल्या गेल्या, एवढंच कळवा. तुमच्या नावानिशी छापू. उत्तर प्लोवदिवला, वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पाठवा. मी उद्या कुठे असेन, सांगता येत नाही.’ मास्तरांनी ते वाचनालयातल्या जाड शब्दकोशात ठेवून दिलं होतं. तेव्हापासून त्या पानांवरचा शब्द अडला की ते अर्थ अंदाजानं लावत.

तुर्कांचं राज्य जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. बल्गेरियाला स्वतःची घटना मिळाली, स्वतःचं सरकार मिळालं, आणि लेश्नित्सा गावाला एकाऐवजी दोन कॉफीखाने मिळाले. एक उदारमतवाद्यांचा, दुसरा जुन्या धनवंतांचा. एकात बसणारा दुसऱ्यात बसणाऱ्याच्या मयतालाही जाईना. मग जर्मनीहून आणलेल्या तरुण राजानं घटना गुंडाळून ठेवली आणि लोकांना ते मान्य आहे असं दाखवायला निवडणूक लावली.

मत चिठ्ठीवर असे. उमेदवाराचं नाव घरूनच लिहून आणायचं आणि पेटीत टाकायचं. लिहिता येत नसेल त्यानं कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. लेश्नित्सात हा ‘कुणीतरी’ म्हणजे मास्तर. उदारमतवाद्यांचा उमेदवार होता त्सोन्को. त्याच्या नावाच्या एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या, आणि त्याला अक्षरही त्यांनीच शिकवलेलं.

नगराध्यक्ष हरालाम्पीनं पेटी उघडली, ती गोल अक्षरं ओळखली आणि गठ्ठा टेबलावर आपटला. “हे सगळं एकाच हातचं. एक हात, एक मत. लिहा मास्तर!”

मतमोजणीचे चिटणीस मास्तरच होते. दाराशी तलवार लावलेला शिपाई उभा होता. शाळेची नोकरी सरकारच्या हातात होती. मास्तरांनी ‘एक’ लिहिलं आणि खाली सही केली. त्याच आठवड्यात त्सोन्को डोंगर ओलांडून, या राजाची सत्ता चालत नव्हती त्या प्लोवदिवला पळाला.

आता घटना परत आली होती. त्सोन्कोही परत आला होता, कोटाला घड्याळाची साखळी लावून. उदारमतवादी सत्तेवर बसले आणि वर्षभरात आपसातच फाटले. हरालाम्पीनं आपली टोपी जुन्या कॉफीखान्याच्या खुंटीवरून काढली आणि त्सोन्कोच्या कॉफीखान्यात नेऊन अडकवली. नगराध्यक्ष तोच राहिला.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी वरच्या आळीतला राड्यू चांभार वाचनालयात आला. मागं सात-आठ जण, हातांना कातड्याचा वास.

“मास्तर, इल्चो वकिलाचं नाव लिहून द्या. सत्त्याऐंशी चिठ्ठ्या.”

“इल्चो? पण तोही उदारमतवादीच ना?”

“असेल. तुमचा त्सोन्को आमचं कुरण लष्कराच्या छावणीला देतोय. कातडी मग काय तुमच्या शब्दकोशावर वाळवायची?”

मास्तर घुटमळले. “दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, राड्यू. माझा हात… माझ्या हाताला यश नाही.”

“दुसरा कोण आहे? पाद्री लिहितो ते देवालाही वाचता येत नाही. हवं तर थोड्या वाकड्या लिहा.”

मास्तरांनी दहा-बारा वाकड्या लिहून पाहिल्या. त्या जास्तच मास्तरांच्या दिसू लागल्या. मग त्यांनी सगळ्या नीट लिहिल्या. घटना परत आली आहे, त्सोन्को निवडणुकीत आहे, तीच लबाडी पुन्हा कोण करील, असं ते स्वतःला समजावत राहिले.

रविवारी संध्याकाळी शाळेत मोजणी झाली. मास्तर या वेळी चिटणीस नव्हते, लोकांत भिंतीशी उभे होते. हरालाम्पीनं पेटी उलटी केली, चिठ्ठ्या चाळल्या आणि हसला.

“अरे वा, जुनी ओळख! एकच हात. इल्चो वकील, एक मत.”

वरच्या आळीची माणसं ओरडली. राड्यूनं बाक ढकललं, दोन शिपायांनी त्याला धरलं. मास्तरांनी त्सोन्कोकडे पाहिलं. आता हा उठेल, म्हणेल, याच लबाडीपायी मी घर सोडलं. त्सोन्को उठला. त्याच्या हातात जुनी नोंदवही होती.

“मंडळी, शांत राहा. हा काही आज काढलेला नियम नाही. गावाचा ठराव आहे, तीन वर्षांपूर्वीचा. खाली सही आहे.” त्यानं वही मास्तरांपुढं धरली. “तुमचीच ना, मास्तर?”

मास्तरांनी वही हातानं बाजूला सारली. “त्सोन्को, तू… तू मला पत्र लिहिलं होतंस.”

“आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत,” त्सोन्को हळूच म्हणाला. “मी वर्षभर वाट पाहिली, मास्तर. मग समजलो की असंच चालतं.”

“म्हणून तू यांचं कुरण खाणार?”

“देशाला छावणी हवी आहे.”

“तेव्हा देशाला राजा हवा होता! आता छावणी! माणूस कधी हवा होता रे?” मास्तर ओरडले. चाळीस वर्षं शिकवताना त्यांचा आवाज इतका कधी चढला नव्हता. कुणीतरी हसलं. हरालाम्पी म्हणाला, “मास्तरांना पाणी द्या, नाहीतर अंगणात न्या.” शिपायानं त्यांना दंडाला धरून अंगणात नेलं. आत ‘एक’ लिहिलं गेलं.

घरी बहीण दोना राजम्याचं सूप ढवळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“नोकरी जाईल,” ती म्हणाली.

“जाईल.”

“मग? जेव आधी. भाऊ माझा, सत्तरीला आला नि आज चिडला! गावाला तीन वर्षं आधी चिडून दाखवलं असतंस तर पुण्य लागलं असतं.”

मास्तर जेवले नाहीत. त्यांना त्सोन्कोचा राग येत होता, हरालाम्पीचा तर येतच होता. पण जे उफाळून येत होतं ते त्यांच्या स्वतःच्या, नीट वळणदार, गोल सहीवर होतं. त्या सहीखाली दोनदा गाव गाडलं गेलं होतं. त्यांनी कागद घेतला. पहिल्या तीन मसुद्यांत ‘बहुधा’ आणि ‘माझ्या अल्पमतीनुसार’ आलं. ते फाडले. चौथ्यात आलं नाही.

‘त्सोन्को, तुझ्या पत्राचं उत्तर. मी एकशे त्रेचाळीस लिहिल्या, एक मोजली. मी सही केली ती भीतीनं. ठराव वगैरे काही झाला नव्हता. काल सत्त्याऐंशी लिहिल्या, एक मोजली गेली. या वेळी मोजून घेणारा तू होतास. संपादकमहाशय, हे जसंच्या तसं माझ्या नावानिशी छापा. ज्या माणसांच्या चिठ्ठ्या होत्या त्यांची नावं मागच्या पानावर दिली आहेत. ती मी त्यांना विचारूनच लिहिली आहेत.’

ती नावं घ्यायला सोमवारी सकाळी ते वरच्या आळीत दारोदार फिरले. चौघांनी नकार दिला. राड्यू कोठडीत होता. त्याच्या बायकोनं त्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, “मोठ्या अक्षरात लिहा.”

टपालखान्यात पोस्टमास्तरनं पाकिटावरचा पत्ता वाचला. “प्लोवदिव? वर्तमानपत्राला? मास्तर, हे थोडं राहू द्या. संध्याकाळपर्यंत विचार करा.”

“तिकीट लाव,” मास्तर म्हणाले.

पोस्टमास्तरनं तिकीट लावलं, शिक्का मारला. पाकीट पिशवीत पडून पिशवीचं तोंड बांधलं जाईपर्यंत मास्तर काउंटरला धरून उभे राहिले.