बोंबलांच्या डब्यातला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. राहतो साबणाच्या डबीत. कोपरला खाडीकाठी राहणाऱ्या रतनने नववीत असताना, १९८८ साली, मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बनवलं. सोल्डरिंग करताना तिने दोनदा बोट भाजून घेतलं. माझ्या वाटाण्याएवढ्या सेन्सरवर उजेड पडला की लाल दिवा लागे आणि बटण दाबेपर्यंत विझत नसे. मला दुसरं बक्षीस मिळालं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

मे महिन्यात रतनच्या आईने, आवडाबाईंनी, पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. आठवड्याभरात ते चार बोटं खाली गेले. घरात रतनची विधवा आत्या जनी राहायची. संशयाला लांब जावंच लागलं नाही.

आवडाबाईंनी रतनला सांगून मला त्या डब्यात ठेवलं. वायरी झाकणाखालून काढून दिवा आणि बटण बाहेर फळीला टांगले. कोणी झाकण उघडलं की उजेड आत येणार आणि चोर सापडणार! मी तर खूश झालो. संशय घेणं हाच माझा धंदा होता.

आवडाबाई बाजारात मासळी विकायला जायच्या, रतन शिवणाच्या क्लासला. घरी जनी एकटी. सकाळी विझवलेला दिवा तीन दिवस संध्याकाळी पेटलेलाच मिळाला.

"वयनी, मी हात पन नाय लावला. एकवीरेची शपथ!" जनी म्हणाली.

"मंग काय दिवा खोटा बोलतो? रतन, तू सांग गं."

रतनने आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझं सर्किट चुकत नाय," ती म्हणाली.

जनीला नवऱ्याचं घर नव्हतं, आता भावाचंही उरलं नाही. तिने बोचकं बांधलं आणि आंबिवलीला मावशीकडे निघून गेली. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप होतं. तरी दिवा पेटला.

रतनने डबा रिकामा केला. खारट मासळीने मागचा कोपरा गंजून तिथे मोठं भोक पडलं होतं. आत उंदराच्या लेंड्या होत्या. दुपार कलली की खिडकीतलं ऊन त्याच भोकातून माझ्यावर पडायचं. रतन तो डबा काखोटीला मारून थेट आंबिवलीला गेली आणि आत्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडली.

जनी परत आली. आवडाबाईंनी तिचे हात धरून माफी मागितली, नवा डबाही आणला.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र जरूर बनवा, त्याची निगा राखा. पण त्याच्या शब्दावर कोणाला चोर ठरवू नका. आम्हाला उजेड कळतो, माणूस कळत नाही. जनी पुढे बारा वर्षं त्या घरात रांधत होती. कालवणाची वेळ झाली की ती डब्यापासून दोन हात लांब उभी राहून हाक मारायची, "वयनी, बोंबील तुमीच काडून द्या."